चुना का थकतो? : कार्बनग्रहणाचे रसायन आणि मराठी शब्द

काचीगुड्यात माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर मुलींचे एक वसतिगृह आहे. तिथे राहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारी एक विद्यार्थिनी एका रविवारी सकाळी माझ्याकडे आली. ती मूळची चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्याची. पदवीच्या वर्गात तिने द्वितीय भाषा म्हणून मराठी घेतली होती, म्हणून आमची ओळख. तिच्या हातात तिच्या प्रकल्पाचा अहवाल होता. विषय होता, कार्बन डायऑक्साइड धरून ठेवण्यासाठी चुनखडीपासून केलेले पदार्थ अधिक टिकाऊ कसे करता येतील. अहवाल इंग्रजीत होता आणि उत्तम लिहिलेला होता. तिची अडचण वेगळीच होती. तिचे वडील चुनखडीच्या खाणीत कामाला आहेत. सुट्टीत ती घरी गेली तेव्हा त्यांनी विचारले, ‘‘पोरी, तू शिकून काय रायली ते तर सांग.’’ आणि तिला सांगता येईना.

‘‘मॅडम, सिंटरिंगला मराठीत काय म्हणू? सॉर्बंटला काय म्हणू? बाबांचा जन्म चुनखडीत गेला आणि मला चुनखडीबद्दलच त्यांच्याशी बोलता येत नाही.’’

साहित्याच्या अध्यापिकेला रसायनशास्त्र कुठून यावे? पण प्रश्न भाषेचा होता, तेव्हा टाळताही येईना. पुढचे काही रविवार आम्ही दोघी तो अहवाल घेऊन बसलो. ती मला रसायन समजावून सांगे, मी शब्द शोधत असे. आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनाही मी पुष्कळ त्रास दिला. त्या बैठकांतून जे हाती लागले ते या लेखात मांडले आहे. विषय वैज्ञानिक असला तरी तो समजायला शाळेत शिकलेल्या रसायनशास्त्रापलीकडे फारसे काही लागत नाही, आणि त्याचे निम्मे शब्द आपल्या घरात आधीपासूनच आहेत.

भट्टीपासून भिंतीपर्यंत

मराठी माणसाला चुना नवा नाही. तो पानाला लागतो, तंबाखूला लागतो, भिंतीला लागतो आणि फसवणूक झाली की माणसालाही लागतो. सिमेंट येण्यापूर्वी दख्खनमधील पक्के बांधकाम चुन्यावर उभे होते. इथला चारमिनार १५९१चा. तो दगड-चुन्याचाच. लोणारी समाजातील अनेक कुटुंबांचा चुना भाजणे हा परंपरागत व्यवसाय होता. या व्यवसायातले शब्द नीट ओळीने लावले तर एक पूर्ण रासायनिक साखळी तयार होते.

पहिला शब्द ‘चुनखडी’. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आपल्या घराघरांत असलेली शहाबादी किंवा तांदूरची फरशी हीसुद्धा चुनखडीच, थोडी अशुद्ध. या फरशीवर लिंबाचा रस सांडला की डाग पडतो, कारण आम्लामुळे तिच्यातला कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो. शुद्ध चुनखडी असेल तर तिच्या शंभर किलोंत चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो. आपण जिला दगड म्हणतो ती वजनाने जवळजवळ निम्मी हवाच आहे.

दुसरा शब्द ‘भाजणे’. चुनखडी भट्टीत सुमारे नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तो वायू सुटून जातो आणि शंभर किलोंचे छप्पन्न किलो उरतात. हा ‘कळीचा चुना’, रसायनशास्त्रातला कॅल्शियम ऑक्साइड. तिसरा शब्द ‘विझवणे’. कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो तापतो, फसफसतो, तडकतो आणि फुलून त्याची भुकटी होते. चौथा शब्द ‘मुरवणे’. विझवलेला चुना गवंडी पाण्याखाली कित्येक दिवस, कधी कित्येक महिने मुरत ठेवत. मुरलेल्या चुन्याचे कण बारीक होतात आणि तो लोण्यासारखा मऊ होतो. मग तो घाणीत वाळूबरोबर मळला जाई, त्यात कधी गूळ, कधी बेलफळाचा गर पडे, आणि तो भिंतीवर चढे.

भिंतीवर चढलेला चुना काय करतो? तो हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. शाळेत आपण चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली होती आणि निवळी दुधाळ झाली होती, तीच ही क्रिया. निवळीत ती क्षणात होते, जाड भिंतीत तिला वर्षानुवर्षे लागतात. म्हणजे जुना वाडा भट्टीत सोडलेला वायू उभ्या जागी पुन्हा गोळा करत असतो. दगडापासून निघून दगडाशी येणारे हे वर्तुळ आहे. आजच्या कार्बनग्रहणाच्या संशोधनाने हेच वर्तुळ उचलले आणि वर्षांचे काम मिनिटांत करायचे ठरवले.

सिमेंटची अडचण

हे करण्याची गरज का पडली, हे कळण्यासाठी कोरपना-राजुरा भागाकडेच पाहावे. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या गावांच्या परिसरात चुनखडीचे मोठे साठे आहेत आणि म्हणून तिथे सिमेंटचे कारखाने आहेत. सीमेच्या अलीकडे तेलंगणात तांदूर, मंचेरियल या भागांतही तेच चित्र दिसते. सिमेंटसाठी चुनखडी आणि माती एकत्र करून सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवतात. त्यातून जे कठीण खडे निघतात त्यांना क्लिंकर म्हणतात. ते दळले की सिमेंट.

जगात माणसाच्या व्यवहारांतून जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंट उद्योगाचा असतो. त्याचे दोन भाग आहेत. साधारण चाळीस टक्के वायू इंधन जाळल्यामुळे निघतो. उरलेला साठ टक्के चुनखडीच्या पोटातून निघतो. पहिला भाग इंधन बदलून कमी करता येईल. उद्या सगळ्या भट्ट्या सूर्याच्या उष्णतेवर चालल्या तरी दुसरा भाग तसाच राहील, कारण तो धूर इंधनाचा नाही, दगडाचा आहे. एक टन क्लिंकर केला की अर्ध्या टनाहून थोडा अधिक वायू नुसत्या दगडातून सुटतो. तो धुराड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पकडणे हाच त्यावरचा मुख्य उपाय उरतो. सिमेंट निर्मितीत आपला देश जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प भारताने २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत जाहीर केला आहे. हा दगडाचा धूर तसाच सोडून तो संकल्प पुरा होण्यासारखा नाही.

दोन भांड्यांची युक्ती

धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइड एकटा नसतो. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राच्या धुरात त्याचे प्रमाण साधारण बारा ते पंधरा टक्के असते. बाकी मुख्यतः नायट्रोजन. सगळा धूर जमिनीत पुरणे शक्य नाही, म्हणून त्यातून कार्बन डायऑक्साइड निवडून काढावा लागतो. तांदूळ निवडावा तसा.

त्यासाठी दोन मोठी भांडी कल्पावीत. पहिल्या भांड्यात सुमारे ६५० अंश तापमानाला कळीच्या चुन्याची भुकटी खालून येणाऱ्या धुराच्या जोरावर उकळत्या पाण्यासारखी घुसळत असते. या तापमानाला चुना धुरातला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने धरतो आणि चुनखडी होतो. उरलेला धूर बाहेर जातो. ही चुनखडी दुसऱ्या भांड्यात नेतात. तिथे नऊशे अंशांच्या वर तापमान असते. चुनखडी पुन्हा भाजली जाते आणि शुद्ध कार्बन डायऑक्साइड वेगळा हाती येतो. हे भांडे तापवताना इंधन हवेऐवजी ऑक्सिजनमध्ये जाळतात, म्हणजे नायट्रोजन पुन्हा मिसळत नाही. मोकळा झालेला चुना पहिल्या भांड्यात परत जातो. चुन्याची ही फेरी अखंड चालते, म्हणून या पद्धतीला ‘कॅल्शियम चक्र’ म्हणता येईल.

या पद्धतीचा एक मोठा गुण आहे. चुनखडी भाजायला उष्णता खूप लागते. पण चुना वायू धरतो तेव्हा तीच उष्णता परत देतो आणि तीही ६५० अंशांवर. तिच्यावर वाफ करून वीज निर्माण करता येते. आज सर्वाधिक वापरात असलेली पद्धत अमाइन नावाच्या द्रव रसायनांची आहे. एनटीपीसीच्या विंध्याचल केंद्रात २०२२ मध्ये दिवसाला वीस टन वायू पकडणारे संयंत्र सुरू झाले ते याच पद्धतीचे. अमाइनच्या पद्धतीत जी उष्णता खर्च होते ती कमी तापमानाला बाहेर पडते, त्यामुळे तिचा फारसा उपयोग करता येत नाही. शिवाय अमाइन कारखान्यात तयार करावे लागते. चुनखडी पायाखाली असते.

मग ही पद्धत अजून सर्वत्र का नाही? कारण चुना थकतो.

थकण्याचे कारण

ब्रिटिश संशोधक बार्कर यांनी १९७३ मध्ये हे मोजून दाखवले. चुनखडी भाजायची, तिला पुन्हा कार्बन डायऑक्साइड द्यायचा, पुन्हा भाजायची, अशा फेऱ्या करत गेले की चुन्याची धारणक्षमता दर फेरीला घटत जाते. १९९९ मध्ये जपानच्या शिमिझू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर सांगितलेली दोन भांड्यांची रचना सुचवली. तेव्हापासून जगभर या घटीवर उपाय शोधणे चालू आहे.

आकडे पाहिले की अडचण कळते. एक किलो कळीचा चुना हिशेबाने जास्तीत जास्त ७८६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरू शकतो. ताजा चुना पहिल्या फेरीत त्याच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साधारण ५५० ग्रॅम धरतो. वीस फेऱ्यांनंतर हे प्रमाण पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येते. शेकडो फेऱ्यांनंतर ते सात-आठ टक्क्यांवर स्थिरावते. दुसऱ्या शब्दांत, एक टन वायू पकडण्यासाठी ताजा चुना दोन टनांहून कमी पुरेल, पण पुरता थकलेला चुना सुमारे सतरा टन लागेल. एवढा चुना विनाकारण तापवायचा, फिरवायचा आणि थंड करायचा, तर इंधनाचा खर्च कुठे जाईल याचा अंदाज करता येतो.

थकण्यामागे दोन कारणे आहेत. दोन्ही स्वयंपाकघरातल्या उदाहरणांनी समजतात.

पहिले कारण साबुदाण्याचे. साबुदाणा भिजवला की दाणे फुगतात आणि त्यांच्यामधल्या फटी बुजतात, वरून टाकलेले पाणी मग खाली उतरत नाही. कळीच्या चुन्यातून कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यामुळे त्याच्या कणात अतिसूक्ष्म छिद्रे राहिलेली असतात. त्या छिद्रांतूनच वायू आत शिरतो. पण वायू धरून चुन्याची चुनखडी झाली की तिला चुन्याच्या दुपटीहून अधिक जागा लागते. छिद्रांची तोंडे बुजतात, कणावर चुनखडीचा थर बसतो आणि आतला चुना कोरडाच राहतो. त्या थरातून पुढे वायू झिरपतो खरा, पण फार सावकाश, आणि भांड्यात तेवढा वेळ नसतो.

दुसरे कारण पिठीसाखरेचे. पावसाळ्यात डब्यातली पिठीसाखर न वितळताही एकमेकीला धरते आणि तिचे खडे होतात. तसेच मोठ्या तापमानाला चुन्याचे बारीक कण वितळण्याआधीच एकमेकांना चिकटतात. लहान कणांचे मोठे कण होतात, बारीक छिद्रांची थोडी मोठी छिद्रे होतात आणि एकूण पृष्ठभाग घटतो. दर भाजणीला हे थोडे थोडे होते. कार्बन डायऑक्साइड आणि वाफ यांच्या सान्निध्यात ते अधिक वेगाने होते, आणि दुसऱ्या भांड्यात नेमक्या याच गोष्टी असतात. यालाच इंग्रजीत सिंटरिंग म्हणतात.

माझ्या विद्यार्थिनीला हवा असलेला शब्द इथे सापडला. रक्त साकळते असे आपण म्हणतो. चुन्याचे कणही साकळतात. वितळत नाहीत, जळत नाहीत, फक्त सुटेपणा सोडून एकमेकांत मिसळतात. ‘साकळणे’ हा शब्द त्या क्रियेला चपखल बसतो आणि तो समजून घ्यायला कोश उघडावा लागत नाही.

टवटवी परत आणण्याचे उपाय

उपायांची यादी मोठी आहे. त्यातले मुख्य प्रकार सांगते, आणि प्रत्येकाबरोबर त्याची अडचणही.

पहिला उपाय पाण्याचा. थकलेल्या चुन्यावर पाण्याची वाफ सोडली की तो विझतो, म्हणजे फुलतो. कण फुगून तडकतात, नव्या भेगा पडतात, बुजलेल्या वाटा मोकळ्या होतात. त्यानंतर तो चुना पुन्हा पुष्कळसा वायू धरू लागतो. भट्टीवाल्यांनी आणि गवंड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जे केले तेच हे. अडचण अशी की तडकलेला कण ठिसूळ होतो. भांड्यात सतत घुसळला गेल्यावर त्याचे पीठ होते आणि ते धुराबरोबर उडून जाते. भिंतीला मऊ चुना चालतो, या यंत्राला चिवट चुना हवा असतो.

दुसरा उपाय सोबत्याचा. चुन्याच्या कणांमध्ये असा एखादा पदार्थ ठेवायचा, की जो स्वतः काही करणार नाही, पण कणांना एकमेकांजवळ येऊ देणार नाही. निसर्गाने हे डोलोमाइट नावाच्या दगडात आयतेच केले आहे. त्यात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियम असते. भाजल्यावर मॅग्नेशियम ऑक्साइड या तापमानाला वायू धरत नाही, मात्र चुन्याच्या कणांना दूर ठेवतो. म्हणून डोलोमाइटचा चुना उशिरा थकतो. प्रयोगशाळेत हेच काम ॲल्युमिनियमच्या संयुगांकडून करून घेतात. चुना आणि ॲल्युमिना तापल्यावर त्यांच्यापासून मायेनाइट नावाचे खनिज तयार होते, ते चुन्याला आतून सांगाड्यासारखा आधार देते. झिर्कोनियमही वापरून पाहिले आहे. अडचण सरळ आहे. सोबत्याचे वजन वाहावे लागते, तो वायू धरत नाही, आणि झिर्कोनियमसारखे पदार्थ महाग असतात. चुनखडीचा मुख्य गुण तिचा स्वस्तपणा. सुधारणा करताना तोच घालवून बसलो तर सुधारणा कसली?

तिसरा उपाय गोळ्यांचा. चुन्याची भुकटी ॲल्युमिनाचे प्रमाण जास्त असलेल्या सिमेंटमध्ये मळून तिच्या बारीक गोळ्या वळतात. सिमेंट चिवटपणा देते. मळताना त्यात पिठासारखा जळून जाणारा पदार्थही मिसळतात. भाजताना तो जळून जातो आणि त्याच्या जागी छिद्रे राहतात. चुनखडीवर शिरक्यातल्या आम्लासारख्या सौम्य आम्लाची प्रक्रिया करून नंतर ती भाजली तरी अधिक सच्छिद्र चुना मिळतो. घाणीत गूळ आणि बेलफळ घालणाऱ्या गवंड्याचा हेतू हा नव्हता, हे सांगायला हवे. आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते असा दावा मला करायचा नाही. पण चुन्यात काही मिसळून त्याचा स्वभाव बदलता येतो, ही कल्पना मात्र इथे परकी नाही.

चौथा उपाय ऐकायला उलटा वाटतो. चुना आधीच खूप कडक, हजार अंशांच्या वर, कित्येक तास तापवायचा. अशाने सुरुवातीला तो कमी वायू धरतो, पण काही चुनखड्यांच्या बाबतीत पुढच्या फेऱ्यांत त्याची क्षमता घटण्याऐवजी थोडी वाढत जाते. आतला सांगाडा आधीच घट्ट झाल्यामुळे तो नंतर ढासळत नाही. हा उपाय सगळ्या चुनखड्यांना सारखा लागू पडत नाही. खाणीखाणीचा दगड वेगळा.

या सगळ्यांवर आणखी एक शत्रू आहे, गंधक. कोळशाच्या धुरात गंधकाचा वायू असतो. तो चुन्याशी संयोग पावून कॅल्शियम सल्फेट करतो आणि हे बंधन नेहमीच्या भाजणीने सुटत नाही. तेवढा चुना कायमचा अडकतो.

थकलेल्या चुन्याचे काय करायचे?

म्हणून या चक्रात थोडा थकलेला चुना सतत बाहेर काढावा लागतो आणि तेवढी ताजी चुनखडी आत टाकावी लागते. तिला आम्ही ‘भरीची चुनखडी’ म्हटले. वीज केंद्रात हा बाहेर काढलेला चुना ठेवायचा कुठे, असा प्रश्न येतो. सिमेंट कारखान्यात तो प्रश्नच नाही. थकलेला चुना म्हणजे भाजून तयार झालेला कच्चा माल. तो सरळ क्लिंकरच्या भट्टीत जातो. वायू धरण्यासाठी तो थकला असेल, सिमेंटसाठी नाही.

याच विचारावर इटलीतील व्हर्नास्का येथील सिमेंट कारखान्यात ‘क्लीनकर’ या युरोपीय प्रकल्पाखाली २०२० मध्ये प्रात्यक्षिक संयंत्र उभे राहिले. त्याआधी स्पेनमध्ये ला पेरेडा येथे १.७ मेगावॅटचे आणि जर्मनीत डार्मस्टाट येथे एक मेगावॅटचे प्रायोगिक संयंत्र चालवले गेले होते. भारतात केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने २०२२ मध्ये कार्बनग्रहण आणि कार्बनचा वापर या विषयांची दोन राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रे मंजूर झाली. त्यातले एक मुंबईच्या आयआयटीत आहे, दुसरे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात.

आकाराचे भान मात्र ठेवले पाहिजे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ते केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर एका तासात अडीच-तीन हजार टन वायू बाहेर पडेल. त्याच्यापुढे एक-दोन मेगावॅटची संयंत्रे म्हणजे समुद्रापुढे रांजण. शिवाय पकडलेला वायू कुठे ठेवायचा हा पुढचा प्रश्न आहेच. आइसलँडमध्ये तो पाण्यात विरघळवून बेसाल्ट खडकात सोडला आणि त्याचा पुष्कळसा भाग दोन वर्षांच्या आत दगड झाला. आपल्या पायाखालचा दख्खनचा बेसाल्ट तसाच उपयोगी पडेल का, याचा अभ्यास चालू आहे.

शब्दांचा हिशेब

आता शब्दांविषयी थोडे. ‘सॉर्बंट’ला पहिला पर्याय मनात आला तो ‘शोषक’. पण ज्या भाषेच्या साहित्यात शोषक आणि शोषित हे शब्द इतकी वर्षे वेगळ्या अर्थाने झिजले आहेत, त्या भाषेत खाणकामगारासमोर चुन्याला ‘शोषक’ म्हणणे मला जमेना. ‘ग्राहक’ म्हटले तर दुकान आठवते. शेवटी ‘ग्राही चुना’ यावर आम्ही थांबलो. भाजणे, विझवणे, फुलणे, मुरणे हे शब्द होतेच. साकळणे, थकणे आणि भर हे आम्ही बोलीतून उचलले. कॅल्शियम, अमाइन, डोलोमाइट तसेच ठेवले, कारण ते आता मराठीच आहेत.

हैदराबादला या कामाची आठवण जुनी आहे. उस्मानिया विद्यापीठासाठी इथे १९१७ मध्ये ‘दारुल तर्जुमा’ हे भाषांतर कार्यालय सुरू झाले आणि विज्ञानाचे ग्रंथ उर्दूत आणण्याचे प्रचंड काम तिथे झाले. अरबी-फारसी धातूंवरून हजारो संज्ञा घडवल्या गेल्या. विद्यापीठाचे माध्यम पुढे बदलले आणि त्यांतल्या बहुतेक संज्ञा ग्रंथांतच राहिल्या. मराठीतही १९६० मध्ये महाराष्ट्रात भाषा संचालनालय स्थापन झाले, परिभाषा कोश निघाले, आणि त्यांच्याबद्दलही आपण अशीच तक्रार करतो. मला वाटते, दोष संज्ञा घडवणाऱ्यांचा नाही. संज्ञा कोणाशी तरी बोलण्यासाठी लागते. बोलणेच झाले नाही, तर चांगला शब्दही चुन्यासारखा साकळून बसतो.

एक प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत ती मुलगी गावी गेली. परत आल्यावर तिने घडलेले सांगितले. वडिलांनी सगळे ऐकून घेतले. चुना थकतो आणि पाण्याने फुलतो हे सांगितल्यावर ते हसले म्हणे. विझवल्याशिवाय चुना कामाचा नाही हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. मग त्यांनी विचारले, ‘‘हे झालं तर आमच्या गावची धूळ कमी होईल का? का खाण आणखी खोल जाईल?’’

तिने मला विचारले, आणि मी तिच्या प्राध्यापकांना विचारायला सांगितले. उत्तर असे. कार्बन डायऑक्साइड पकडल्याने धूळ कमी होत नाही. धुळीचे उपाय वेगळे आहेत आणि ते वेगळेच करावे लागतील. खाणीचे उत्तर मात्र चुन्याच्या थकण्यात आहे. सिमेंट कारखान्यात थकलेला चुना भट्टीतच जात असल्यामुळे जास्तीची खोदाई फारशी लागणार नाही. वीज केंद्रात हे चक्र बसवले तर चुना जितका लवकर थकेल, तितकी भरीची चुनखडी जास्त लागेल आणि खाण तितकी खोल जाईल. प्रयोगशाळेत चुन्याचा कण दहा फेऱ्यांऐवजी शंभर फेऱ्या टिकवण्याची जी धडपड चालते, तिचा अर्थ कोरपन्याच्या एखाद्या गावात किती ट्रक दगड निघेल असा होतो.

तिच्या इंग्रजी अहवालात फेऱ्यांचे आलेख होते, पृष्ठभागाची मापे होती, खर्चाचे अंदाजही होते. हा प्रश्न त्यात नव्हता. पुढच्या मसुद्यात तिने त्यासाठी एक प्रकरण घातले आहे: एक टन वायूमागे किती भरीची चुनखडी लागेल, आणि ती कुठून येईल. अहवाल अजून इंग्रजीतच आहे. प्रश्न मात्र मराठीत विचारला गेला, म्हणून त्यात आला.